घासेचा वास आणि संशोधन विभाग

कूलरच्या जाळीत लाकडाचा जो भुसभुशीत भरणा असतो, त्याला आम्ही ग्वाल्हेरची मराठी माणसं घास म्हणतो. पुण्याहून भाची आली होती, तिला म्हटलं, "कूलरची घास बदलायची आहे," तर ती हसत सुटली. तिला वाटलं आम्ही कूलरला जेवू घालतो. मी चिडले, पण चूक तिची नव्हती. पिढ्यान् पिढ्या हिंदीच्या शेजारात राहून आमची मराठी अशी झाली आहे. मी जन्मभर सरकारी शाळेत हिंदी शिकवली आणि घरी मराठी बोलले, त्यामुळे दोन्ही भाषांतल्या चुका मला सारख्याच टोचतात. या स्वभावापायी चार माणसं दुरावली खरी, पण निवृत्तीनंतर वेळ छान जातो.

तर घास. मार्चअखेर नवी घास भरली की घरभर ओल्या लाकडाचा छान गंध येतो. मे सरता सरता त्याच घासेला वास सुटतो. कोणी म्हणतं भिजलेल्या कुत्र्याचा, मला तो शेवाळलेल्या हौदाचा वाटतो. पण बाहेर अंगाची लाही होत असताना कूलर बंद कोण करणार? म्हणून सगळं शहर त्या वासात झोपतं आणि पाहुण्यांसमोर त्याचा विषय काढत नाही.

विषय काढणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो दुसरा विषयच काढत नाही. मधुसूदन खासगीवाले. हरिशंकरपुरमात आमच्या समोरच्या घरात राहतो. आमच्या ह्यांचा तो मित्र. हे गेले तरी मला वहिनी म्हणतो आणि हक्काने चहा मागतो. त्याचे पूर्वज दख्खनेतून आले आणि दरबारात खासगीकडचा कारभार बघू लागले. मधू रसायनशास्त्रात बीएस्सी झाला आणि शहराबाहेरच्या औद्योगिक क्षेत्रात 'ठंडीछाँव एअर कूलर्स' नावाच्या कंपनीत माल तपासायला लागला. उंच, थोडा वाकलेला, खिशाला दोन पेनं. दोन्हींत शाई नसते. माणूस सज्जन, पण कोणी 'साहेब' म्हटलं की पाघळतो.

घासेच्या वासाशी त्याचं वैर होतं, आणि त्याचं कारण मला ठाऊक असल्यामुळे मी त्याला कधी पोटभर हसू शकले नाही. त्याचे वडील, अप्पा, शेवटचा उन्हाळा अंथरुणावर होते. खिडकीत कूलर, कूलरसमोर खाट. भेटायला येणारे दारातच नाक मुरडायचे आणि पाच मिनिटांत उठायचे. वास घासेचा होता, पण अप्पांना वाटायचं की तो आपल्या अंगाचा. सून, लीला, बिचारी सकाळ-संध्याकाळ अंग पुसून द्यायची, तरी त्यांचं समाधान होईना. पुढे पुढे कोणी आलं की ते कूलरच बंद करायला लावायचे आणि घामाने निथळत पाहुण्यांशी बोलायचे. मधू कळवळून सांगायचा, "अप्पा, ही घास आहे, तुम्ही नाही." म्हातारा म्हणायचा, "तू चांगला मुलगा आहेस." त्या जूनमध्येच ते गेले. तेव्हापासून मधूला एकच हवं होतं. वास न येणारी घास करायची, आणि ती लोकांच्या घरात लागलेली डोळ्यांनी बघायची.

लीलाने स्वतःच्या घरात प्रयोगांना बंदी घातली. म्हणून माझ्या कूलरवर संक्रांत आली. कडुनिंब घातला, तर घर कडू झालं. कापूर घातला, तर शेजारच्या मंदाताई रोज 'आज काय पूजा आहे?' म्हणून डोकावू लागल्या. लवंगेचा अर्क घातला त्या आठवड्यात माझ्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाताच्या डॉक्टरची आठवण झाली. हळदीने पांढऱ्या चादरींवर जे केलं ते सांगत नाही. मी रागावायचे, तो मान खाली घालून ऐकायचा आणि पुढच्या रविवारी दाल बाज़ारातून नवी पुडी घेऊन हजर व्हायचा. घास चुन्याच्या पाण्यात उकळून लाकडातला चीक काढायचा आणि मग तुरटीच्या पाण्यात मुरवायची, इथवर तो येऊन पोहोचला होता. वास पूर्वी मेमध्ये यायचा तो जुलैवर गेला होता. या साऱ्या संशोधनाला देशाचा खर्च शून्य होता. माझा झालेला चहा-साखरेचा खर्च मी कोणाकडे मागितला नाही.

कंपनीचे मालक दौलतसिंह. पत्र्याच्या दुकानातून वर आलेला माणूस, हिशेबाला पक्का. कूलरमध्ये पंखा असतो, पाणी असतं, आता यात आणखी काय शोधायचं, असं त्यांचं सरळ मत होतं. मधूला ते आडवे गेले नाहीत, कारण तो जे करत होता ते फुकट करत होता. मग त्यांचा मुलगा मोहित व्यवस्थापन शिकून परतला आणि त्याने सरकारची एक योजना शोधून काढली. त्या कंपनीत लागलेला पहिला शोध तोच.

तो संवाद मधूने मला नकलेसकट ऐकवला आहे.

"पापा, रिसर्च पे जो खर्च करेंगे, आधा सरकार लौटाएगी. बाकी पे टैक्स में छूट. तीन साल तक."

"और रिसर्च में कुछ निकला ही नहीं तो?"

"तो भी."

"और निकल आया तो?"

"तो प्रोजेक्ट पूरा. पैसा बंद."

दौलतसिंहांना विज्ञानाची गोडी लागली ती त्या क्षणी.

आता मी सरकारला उगाच नावं ठेवणारी नाही. कंपन्या नवं शोधायला धजत नाहीत, कारण खर्च एकाने करायचा आणि नक्कल शेजारच्याने मारायची असं होतं. म्हणून सरकारने थोडा भार उचलावा, हे मला पटतं. मी मुलांना निबंधाला विषय दिला असता तर त्यांनीही हेच लिहिलं असतं. पण पैसा जर खर्चावर मिळणार असेल, तर माणूस काय शोधेल? खर्चच शोधेल. तसंच झालं.

मधूला वर्षभराचा खर्च विचारला. त्याने प्रामाणिकपणे चुना आणि तुरटी धरून नव्वद रुपये सांगितले. मोहितने कपाळाला हात लावला. "अंकल, नब्बे रुपए में रिसर्च होती है? लोग हँसेंगे." मग संशोधन वाढू लागलं. मालकांच्या केबिनला नवा एसी बसला, तो तापमान-नियंत्रण कक्ष झाला. मोहितची मोठी गाडी क्षेत्रीय अभ्यासाचं वाहन झाली. अभ्यास बहुधा लग्नसराईत चालायचा. मालकांचे मेहुणे थायलंडला जाऊन आले, आर्द्र हवामानातल्या वासाचं निरीक्षण करायला. परदेशी बनावटीचं एक यंत्र आलं. ते वास मोजतं असं म्हणत, पण त्याचं खोकं उघडलं तर त्याची किंमत कमी होईल म्हणून ते कोणी उघडलं नाही. आडनाव खासगीवाले आणि पैसा सरकारी, असं मी मधूला चिडवलं. तो हसला नाही, कारण तोवर त्याला फिरती खुर्ची मिळाली होती.

फिरती खुर्ची, वेगळी खोली आणि छापील कार्ड. खिशातल्या पेनांत शाईसुद्धा आली. दारावर हिंदीत पाटी हवी, तपासणीला येणाऱ्यांना बरं वाटतं, असं मोहितने सांगितलं. मधू स्वतः नई सडकवर पेंटरकडे गेला, शब्द सांगून पाटी रंगवून घेतली आणि मला दाखवायला आणली. निळ्यावर पांढरी ठसठशीत अक्षरं: 'संशोधन विभाग'.

मी म्हटलं, "मधू, हे मराठी झालं."

"तर? आपण मराठीच आहोत ना."

"पाटी हिंदीत आहे. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. चुकलेलं नाव, चुकलेली तारीख नीट करतात, ते संशोधन. तुला हवं ते अनुसंधान."

"वहिनी, तुम्ही तर प्रत्येक बातमध्ये व्याकरण काढता. संशोधन हा कसा भारदस्त शब्द आहे! अनुसंधान म्हणजे कोणी पोथी घेऊन बसलंय असं लगतं."

"लगतं नाही, वाटतं," मी म्हटलं. पाटी लागली ती लागलीच.

पाटी लागून आठवडा झाला नाही तोच कारखान्यातली एक बाई दारात येऊन उभी राहिली. हातात आधार कार्ड. "साहब, मेरा नाम रामकली है, इसमें राजकली छप गया. संशोधन करा दो." मधूने तिला समजावलं की इथे घासेवर काम चालतं. तिने पाटीकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर तिघी आल्या. एकीच्या मुलीच्या जन्माचं वर्ष आईच्या आधीचं पडलं होतं. एकीचा नवरा रेशन कार्डावर स्त्री होता. मग पलीकडच्या कारखान्यातले आले, मग जवळच्या गावातले. सरकारी खिडकीवर हेलपाटे घालून थकलेल्या माणसांना स्वच्छ अक्षरात 'संशोधन विभाग' लिहिलेलं दिसलं, आत फिरत्या खुर्चीवर चष्मेवाला साहेब दिसला, आणि साहेब ओरडत नव्हता. आणखी काय हवं?

मधू आधी वैतागला. पण 'साहब, साहब' ऐकून पाघळला, आणि खरं म्हणजे त्याला दुसरं कामही नव्हतं. चुना-तुरटी तो अजूनही माझ्याच मोरीत उकळत होता. त्याने कंपनीचा कॉम्प्युटर लावून लोकांचे अर्ज भरायला सुरुवात केली. नावांच्या ऱ्हस्व-दीर्घासाठी मला बोलावलं. मीही जाऊ लागले, आणि कबूल करते, मजा आली. जन्मभर वहीतल्या चुकांना लाल रेघ मारली, कोणाचं काही भलं झालं नाही. इथे एक वेलांटी बदलली की बाईला विधवा पेन्शन मिळत होती. सरकारी पैशावर उभ्या राहिलेल्या त्या विभागात लोकांच्या उपयोगाचं तेवढं एकच काम चालायचं, आणि ते चुकीच्या शब्दामुळे.

त्याच उन्हाळ्यात घास जमली.

उकळण्याचा वेळ वाढवून आणि तुरटीत तांब्याच्या तारेचे तुकडे टाकून त्याने काहीतरी केलं आणि ती घास माझ्या कूलरला भरली. मे गेला. जून गेला. पाऊस आला, हवा चिकट झाली, कूलरची खरी परीक्षा तेव्हा असते, तरी वास नाही. मधू येऊन जाळीला नाक लावून उभा राहायचा. लीला म्हणाली, "अहो, श्वास तरी सोडा." श्रावणात एके दिवशी त्याने माझ्या स्वयंपाकघरात येऊन, चुलीवर काय आहे न बघता, मला खाली वाकून नमस्कार केला. "वहिनी, झालं. मिळाली." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही. मी त्याला शिरा करून घातला.

दुसऱ्या दिवशी तो ही बातमी मोहितला द्यायला गेला. मोहितचा चेहरा उतरला.

"अंकल, किसको-किसको बताया?"

"वहिनींना... मतलब, सामने वाली भाभीजी को."

"बस, और किसी को नहीं. अभी मत मिलने दो अंकल. दो साल बाकी हैं. दो साल बाद मिल जाए."

मधू घरी आला आणि मला म्हणाला, "दोन सालची तर बात आहे." मी म्हटलं, "आणि या दोन उन्हाळ्यांत जे लोक अंथरुणावर पडलेत त्यांचं काय?" तो कार्डाचा कोपरा दुमडत बसला. फिरती खुर्ची माणसाला कशी फिरवते ते मी तेव्हा पाहिलं. अहवालात त्याने लिहिलं की प्रगती समाधानकारक आहे, यश मात्र अद्याप दूर आहे. खरं सांगते, मला त्याचा राग आला. आठ दिवस मी चहा दिला नाही.

मार्चमध्ये राजधानीतून तपासणीची समिती आली. तिघे जण. त्या दिवशी मी तिथेच होते, कारण बाहेर रांग होती. समितीने फाटकावर विचारलं, "अनुसंधान विभाग किधर है?" चौकीदार म्हणाला, "ऐसा तो यहाँ कुछ नहीं साहब. संशोधन वाला है, वहाँ आधार ठीक होता है."

समिती आली तर दारात पंधरा-वीस बाया, दोन म्हातारे, कोणाच्या कडेवर पोर, आणि आत मी 'कुसुमा'चं 'कुसुम' करतेय. मोहितचा रंग उडाला. पण शिकलेला मुलगा! क्षणात म्हणाला, "सर, ये हमारा उपभोक्ता संवाद है. रिसर्च को जनता से जोड़ा है." अध्यक्ष खूश झाले. त्यांनी सोबतच्याला जनसहभागाबद्दल काही लिहायला सांगितलं. मग रांगेकडे बघत, जरा पुढे वाकून, त्यांनी मला हळूच विचारलं, "बहनजी, मेरी माताजी शांति देवी हैं, पेंशन में शांत देवी छप गया है. यहाँ हो जाएगा?" मी म्हटलं, "लाइन में आइए." मोहितने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ती वेलांटी खाल्ली होती. अध्यक्ष मात्र हसले.

सगळे टेबलाभोवती बसले. दौलतसिंहही आले. काजू आले. अध्यक्षांनी सहज विचारलं, "तो खासगीवाले जी, कुछ मिला?"

सगळं त्या प्रश्नाच्या उत्तरावर होतं, आणि मधूला उत्तर पाठ करून दिलेलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मीही मुद्दामच नजर वळवली नाही. तो उठला, कपाटातून घासेची चौकट काढली. माझ्याच कूलरमधली, एक अख्खा उन्हाळा भिजून निघालेली. ती त्याने काजूंच्या शेजारी ठेवली.

"मिल गया, सर. सूँघिए."

तिघांनी हुंगलं. दौलतसिंहांनीही हुंगलं, आणि त्या माणसाच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी कौतुकासारखं आलं. मला वाटलं, संपलं सगळं, आता टाळ्या वाजतील.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "खासगीवाले जी, प्रोजेक्ट तो तीन साल का था."

"जी, जल्दी हो गया."

"जल्दी हो गया तो बाकी पैसा हम कहाँ दिखाएँगे? मार्च चल रहा है. लौटाएँगे तो अगले साल हमारा ही बजट कटेगा."

म्हणजे जे मोहितला नको होतं तेच यांनाही नको होतं. कंपनीला पैसा खर्चून दाखवायचा होता, सरकारला पैसा वाटून दाखवायचा होता. घास मिळाल्याने अडचण झाली नाही असा माणूस त्या टेबलाशी एकच होता, आणि तो चौकटीवर हात ठेवून उभा होता.

मग अध्यक्षांची नजर उघड्या दारावरच्या पाटीवर गेली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे, बाहर लिखा तो है! बंद मत कीजिए. उद्देश्य में संशोधन कर लीजिए."

मी त्या पाटीला इतकी नावं ठेवली होती, आणि हिंदीतसुद्धा ती बरोबर निघाली.

उद्देश काय बदलायचा, यावर सगळे विचारात पडले. दौलतसिंहांनी एक काजू उचलला. ते म्हणाले, "एक बात बताओ. बास नहीं आएगी तो ग्राहक घास बदलेगा कब?" त्या विभागात विचारलेला पहिला खरा संशोधनाचा प्रश्न तो. मोहितने झेल टिपला. "सर, नया उद्देश्य ये रहा. ऐसी घास, जो एक सीज़न बिल्कुल न महके, और सीज़न पूरा होते ही खुद बता दे कि बदलने का टाइम आ गया."

"कैसे बताएगी?"

"महक के."

"वाह," अध्यक्ष म्हणाले. "स्मार्ट घास." आणि वाढीव खर्चासह मंजुरी मिळाली. मधूला कोणी विचारलं नाही. ज्याने वास घालवला त्यानेच तो परत आणायचा, तोही वेळेवर.

त्यानंतर दोन दिवसांनी लीला माझ्याकडे आली, म्हणाली, "वहिनी, जेवतसुद्धा नाहीत. नोकरी सोडतो म्हणतात. निवृत्तीला तीन साल राहिलेत, मुलीचं, यशश्रीचं, शिक्षण व्हायचंय." मी गेले. तो अंगणात घासेची चौकट मांडीवर घेऊन बसला होता.

"वहिनी, मी राजीनामा देऊन राहिलो आहे. वास परत आणायचं काम माझ्याच्याने होणार नाही."

"देऊन राहिलो नाही, देतोय," मी म्हटलं. सवय जात नाही. "आणि दे. उद्या तुझ्या खुर्चीत दुसरा येईल. तुला वास घालवायला किती उन्हाळे लागले? त्याला आणायला महिना नाही लागणार. सडवणं सोपं असतं, मधू. तुझ्याइतका मूर्ख त्यांना परत मिळायचा नाही, पण तुझ्याइतका हुशार माणूस त्यासाठी लागतच नाही."

त्याने चौकट मांडीवरून खाली ठेवली. मला वाटलं फार लागलं त्याला. मग म्हणाला, "मतलब, हे न शोधायला हुशार माणूस पाहिजे."

"मी असं कुठे म्हटलं?"

"नाही म्हटलंत," तो म्हणाला आणि उठून जेवायला गेला.

दुसऱ्या दिवशी तो दाढी करून, दोन्ही पेनं लावून मोहितसमोर उभा राहिला. काम करायला तयार आहे, म्हणाला, पण काम अवघड आहे. तीन वर्षं लागतील. मोहितने त्याला मिठीच मारली. इतकी चांगली मुदत त्याने स्वतः मागितली नसती. शिवाय, मधू म्हणाला, वास केव्हा यायला हवा ते ठरवायचं तर लोक घास किती दिवस वापरतात हे कळायला हवं, त्यासाठी ही घास घरोघरी लावून बघावी लागेल. फुकट. घास, चौकट, बसवणावळ सगळं संशोधनाच्या खर्चात.

"कितने घर, अंकल?"

"जितने हो सकें. खर्च तो बहुत आएगा, बेटा."

"आने दो!" मोहित म्हणाला. इतक्या मनापासून सरकारी पैसा याआधी कोणी खर्चायला काढला नसेल.

मधूची एकच अट होती. ज्या घरात कोणीतरी अंथरुणाला खिळलेलं आहे, तिथेच आधी लावायची. का, असं मोहितने विचारलं, तेव्हा हा शांतपणे म्हणाला की अशा घरात कूलर दिवसरात्र चालतो, प्रयोगाला ते बरं. मोहितने 'वा' म्हटलं आणि ते अहवालात घातलं. घरं शोधायला अडचण पडली नाही. दारातल्या रांगेत सगळं शहर यायचं, एकेकाचं नाव नीट करता करता मधू विचारायचा, "घर में कोई बिस्तर पे है क्या?"

एप्रिलपासून घास लागू लागली. लश्करच्या गल्ल्या, मुरारकडची क्वार्टर्स, रेल्वेलाइनपलीकडच्या खोल्या. मधू स्कूटरवरून महिन्यातून एकदा प्रत्येक घरी जायचा आणि अधिकाऱ्याच्या चेहऱ्याने विचारायचा, वास आला का. वास आला की कळवा, असं बजावून यायचा. लोकांना तो वेडा वाटायचा. ऑगस्ट लागला, हवा चिकचिकली, कोणी कळवलं नाही.

एकदा मी त्याच्या मागे बसून गेले, नई सडकच्या एका दुकानावरच्या माडीवर. महिपतराव शितोळे म्हणून गृहस्थ पक्षाघाताने वर्षभर पडून आहेत. घराण्यात सगळे शिपाईगडी, हेही फौजेत होते. खोलीत पाच-सहा माणसं बसलेली, बशा-कप सगळीकडे, आवाज चढलेले, निवडणुकीवरून वाद चाललेला. कूलर घोंघावत होता. त्यांची सून शिखा दारातच म्हणाली, "अंकल, आप घास वापस लेने तो नहीं आए?"

"नहीं, नहीं. बस पूछने आया हूँ." मधू खाटेजवळ गेला, वाकला. "महिपतराव, कूलरचा काही वास येतो का? खरं सांगा, संकोच नको."

"वास?" महिपतरावांना बोलायला वेळ लागतो. "कसला वास? वासाचं सोडा हो. या लोकांना घालवायचं काही औषध आहे का तुमच्याकडे? सकाळपासून बसलेत. उठतच नाहीत."

सगळी खोली हसली. महिपतराव स्वतःच सगळ्यात जास्त हसले, तोंडाच्या एका बाजूने.

मधू वळून कूलरपाशी गेला आणि जाळीवर तळहात ठेवून, घास तपासतोय असं दाखवत, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मोहितच होता, अहवालाची तारीख जवळ आली होती. त्या गलक्यात ऐकू यावं म्हणून मधूने स्पीकर लावला.

"अंकल, कुछ आया क्या?"

मधूने जाळीवरचा हात तसाच ठेवला.

"नहीं बेटा," तो म्हणाला. "अभी कुछ नहीं आया. टाइम लगेगा."